आण्णांची लाल ग्रेव्ही: दहा किलोवरून दोन किलोवर

५ जानेवारी २०२५, रविवार

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोलापुरातल्या एकाच हॉटेलच्या भट्टीवर सत्तावीस वर्षं काढली. दिवाळीपासून उजवा खांदा वर जात नाही म्हणून आता घरी आहेत. पनीर, कोफ्ता, काजू करी, व्हेज कोल्हापुरी अशा सगळ्या भाज्यांच्या मुळाशी असलेली त्यांची लाल ग्रेव्ही आजवर कधी कागदावर आली नाही. ती घरच्या शेगडीवर, घरच्या मापात बसवायची आणि लिहून ठेवायची, यासाठी ही वही.

आज फक्त विचारून लिहून घेतलं. त्यांचं माप: कांदा दहा किलो, टोमॅटो सहा किलो, काजू तुकडा पाऊण किलो, मगज (टरबूज-खरबुजाच्या सोललेल्या बिया) पाव किलो, आलं-लसूण अर्धा किलो, ब्याडगी मिरची पाव किलो, तेल दीड लिटर. मीठ "हाताला कळतं". पाणी "कांद्याच्या बरोबरीला". वेळ विचारली तर म्हणाले, "दहाला चढवायची. साडेबाराला पहिलं गिऱ्हाईक टेकायच्या आत उतरायची."

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डाय हाउसमध्ये, म्हणजे रंगाईच्या कारखान्यात, लॅबला आहे. पाच ग्रॅम कापडावर शेड, म्हणजे रंगाची छटा, बसवायची आणि मग तीच शेड शेकडो किलो मालावर आणायची, हे रोजचं काम. लॅबची शेड बल्कला जशीच्या तशी उतरत नाही, हे नव्या पोराला पहिल्या महिन्यातच कळतं. इथे उलटं आहे. बल्कचं माप हातात आहे आणि लॅब डिप, म्हणजे छोटा नमुना, काढायची आहे. त्यामुळे सगळ्याला पाचाने भागलं की झालं, असं मी धरून चाललेलो नाही. तरी पहिली खेप भागूनच करणार, म्हणजे नेमकं काय बिघडतं ते दिसेल.

१२ जानेवारी, रविवार. खेप १

सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. होम मैदानाकडची गर्दी टाळून मंडईत गेलो. कांदा लाल, नवा, पाणीदार. सिद्धेश्वर बाजार समितीत सध्या कांद्याच्या गाड्यांची रांग असते, त्यामुळे माल ताजा मिळाला. दोन किलो आणला. सोलून, शेंडा-बूड काढून १,७६० ग्रॅम भरला.

चार फोडी करून पातेल्यात, सोबत काजू १५० ग्रॅम, मगज ५० ग्रॅम, चार वेलदोडे, दालचिनीचा तुकडा, दोन तमालपत्रं. पाणी कांद्याच्या बरोबरीला. टोमॅटो लगेच टाकणार होतो, आण्णांनी थांबवलं. टोमॅटो आधी गेला तर कांदा शिजत नाही, कितीही उकळा, दाताखाली येतो. हे खरं आहे: आंबटपणात भाजीचा कडकपणा लवकर सुटत नाही. तुरीची डाळ चिंच घातल्यावर शिजत नाही, तसंच.

पंचवीस मिनिटांत पाणी संपलं आणि तळ लागला. वरच्या फोडी अजून कच्च्या. आण्णांच्या तपेल्यात हाच कांदा तासभर उकळायचा.

कारण पातेलं. दहा किलोच्या खोल तपेल्यात मालाच्या मानाने तोंड लहान असतं. माझं पातेलं पसरट, त्यात माल थोडा आणि तोंड मोठं, वाफ भराभर गेली. आम्ही डाइंगमध्ये कापड आणि पाणी यांचं प्रमाण सांभाळतो, मशीन बदललं की ते बदलतं. इथे भांडं बदललं तेव्हाच पाण्याचा हिशोब बदलायला हवा होता. करपलेला तळ सोडून वरचं काढलं, पण वास सगळीकडे बसला होता. टाकून द्यावं लागलं. आईला वाईट वाटलं, दोनशे ग्रॅम काजू-मगज होतं त्यात.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. बाजरीची भाकरी, भोगीची भाजी. ग्रेव्हीचं काम नाही.

१९ जानेवारी, रविवार. खेप २

आईचं आमटीचं उभट भगुणं घेतलं. पाणी ७०० मिली, वर झाकण तिरकं. मोठ्या आचेवर उकळी आणली, मग मंद. चाळीस मिनिटांनी कांदा बोटांत चिरडला. तेव्हा १,२०० ग्रॅम टोमॅटो घातले, अजून पंधरा मिनिटं. तळ स्वच्छ. हा टप्पा बसला.

नंतर माझ्या हातून चूक झाली. गरम माल तसाच मिक्सरला लावला. बटण फिरवताच वाफेने झाकण उडालं आणि डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पडलं. वीस मिनिटं गार पाण्याखाली हात धरला, फोड दोनच आले. आण्णा काही बोलले नाहीत. त्यांच्या दोन्ही हातांवर असे डाग किती आहेत ते मी लहानपणापासून पाहत आलोय, पण कुठला कशाचा हे आज पहिल्यांदा विचारलं. एक तेलाचा, एक तंदूरच्या कडेचा, आणि मनगटावरचा लांबट डाग अशाच ग्रेव्हीचा.

जो कोणी ही वही वापरेल त्याने उकडलेला माल परातीत पसरून पूर्ण गार करावा, तमालपत्र आणि दालचिनी वेचून काढावी, आणि मिक्सरचं भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये.

पुढचं काम बायकोने केलं. वाटलेला माल गाळणीतून काढला. रंग फिका नारिंगी, चव सपक गोड. अजून ही ग्रेव्ही नव्हे, नुसतं वाटण.

२६ जानेवारी, रविवार. खेप ३

आज भाजणं. या प्रकल्पातला सगळ्यात मोठा धडा आजचा, म्हणून सविस्तर लिहितो.

कढईत ३०० मिली तेल, आलं-लसूण १०० ग्रॅम. त्याचा कच्चा वास गेल्यावर सगळं वाटण एकदम ओतलं. प्रोबवाला थर्मामीटर धरला होता. तेल १७० अंशांवर होतं; वाटण पडताच मालाचं तापमान नव्वदच्या खाली आलं आणि मग चढून शंभराच्या आसपास जे थांबलं ते हललंच नाही. चाळीस मिनिटं तेच. माल फटफट उडत होता, भिंतीवर ठिपके.

आण्णा बाहेरच्या खोलीत कॉटवर पडून होते. मी हाक मारली, "झालं का बघा." ते उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, "अजून पाणी बोलालंय. तेल बोलायला लागलं की मला हाक मार."

मला त्या वेळी अर्थ लागला नाही. मालात पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या फार वर जात नाही, हे मला ठाऊक होतं. डाय बाथमध्ये रोज पाहतो. कांद्याला जो खमंग तांबूसपणा येतो त्याला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणजे पाणी जाईपर्यंत आपण भाजतच नसतो, उकळत असतो. हॉटेलची भट्टी एवढी जोरात असते की दहा किलोचं पाणीही ती ओढून काढते. घरच्या बर्नरवर दोन किलोचा माल एका कढईत म्हणजे ओझं जास्त.

माल दोन भागांत केला. अर्धा पातेल्यात काढून ठेवला, अर्धा मोठ्या लोखंडी कढईत पसरला. बावीस मिनिटांनी आवाज बदलला. जाड फटफट बंद झाली, बारीक, सलग चरचर सुरू झाली. थर्मामीटर ११२ दाखवत होता आणि चढत होता. मी हाक मारायच्या आत बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "आता हलवत राहा. सोडू नकोस."

त्यानंतरची आठ मिनिटं. तेल कडेने सुटून वर आलं, रंग फिक्या नारिंगीवरून विटेकडे गेला, वास घरभर. कांद्याचा तिखट वास संपून गोडसर, भाजका वास आला. तोच वास आण्णांच्या शर्टाला असायचा, रात्री अकराला घरी आले की.

दुसरा भागही तसाच. दोन्ही मिळून २,२८० ग्रॅम ग्रेव्ही.

म्हणजे उकडायला अरुंद भांडं आणि झाकण, भाजायला पसरट भांडं आणि थोडा माल. हॉटेलात दोन्ही कामं एकाच तपेल्यात होतात, घरी होत नाहीत. दहा किलोवरून दोन किलोवर येताना जिन्नस पाचाने भागून चालले. पाणी, वेळ आणि भांडी मात्र पुन्हा शोधावी लागली.

२ फेब्रुवारी, रविवार. खेप ४

ऑफिसातल्या एकाचं म्हणणं, उकडायचं कशाला, कांदा कच्चा वाटून परतला की तासभर वाचतो. अर्ध्या किलोवर करून पाहिलं. कडवट. साखरेनेही गेलं नाही.

कांदा कच्चा चिरडला की त्याच्यातली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि तो उग्रपणा तयार होतो. डोळ्यांना पाणी येतं तेही त्यातूनच. अख्खी फोड आधी उकडली तर ती प्रक्रिया उष्णतेने बंद पडते, मग कितीही वाटा. हे आण्णांना शास्त्रातून माहीत नव्हतं. त्यांच्या वस्तादाने त्यांना एवढंच सांगितलं होतं की कच्चा कांदा मिक्सरला दाखवायचा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

कांदा लवकर तांबूस व्हावा म्हणून चिमूटभर सोडा घालतात, असं ऐकलं. आण्णांना विचारलं. ते "नाही" म्हणाले आणि पुढे बोलले नाहीत. करणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. खेप ५: रंग

खेप ३ ची ग्रेव्ही चवीला बरोबर होती, पण रंग विटेचा. हॉटेलचा लाल नव्हता. मी मिरची पावडर वाढवली होती आणि ती जळाली.

आण्णांच्या पद्धतीत पावडर नाहीच. ब्याडगी मिरची देठ आणि बिया काढून अर्धा तास गरम पाण्यात, मग गुळगुळीत वाटण. ब्याडगी आपल्याला जवळची. कर्नाटकातल्या ब्याडगीची ही सुरकुतलेली मिरची सोलापूरच्या प्रत्येक मसाल्याच्या दुकानात पोत्याने असते. तिखट कमी, रंग भरपूर. ५० ग्रॅम मिरचीचं वाटण आलं-लसणानंतर थेट तेलात घातलं, कांद्याच्या आधी. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही. वाटणात ओल असल्याने ती जळत नाही आणि दोन-तीन मिनिटांत तेल माणकासारखं लाल होतं. मग कांद्याचं वाटण.

शेड बसली. हे वाक्य मी कामावर दिवसातून दहादा म्हणतो, आज घरी म्हणालो. आण्णांनी चमचा उताणा करून त्यावरून ओघळ पाहिला. "तिखट कमी आहे. पण तिखट ताटाला घालायचं, ग्रेव्हीला नाही." ताट म्हणजे गिऱ्हाईकाच्या ऑर्डरची एकेक भाजी. एकच ग्रेव्ही लहान मुलाच्या पनीरला जाते आणि व्हेज कोल्हापुरीलाही, म्हणून ती मवाळच ठेवायची.

१६ फेब्रुवारी, रविवार. खेप ६: शेंगा

काजू महाग. सोलापूरच्या घरात शेंगदाणे कधी संपत नाहीत, तेव्हा काजूच्या जागी शेंगदाणे का नको? दाणे भिजवून, सालं काढून, कांद्याबरोबर उकडले.

दाटपणा छान आला. पण पहिल्या घासाला आई म्हणाली, "ही शेंगाची आमटी झाली की." खरं होतं. भाकरी कुस्करून आम्ही सगळ्यांनी पोटभर खाल्ली, भांडं रिकामं झालं. पण पनीरला ती चालणार नाही. शेंगदाणा मागे राहत नाही, पुढे येऊन बसतो. काजू आणि मगज दाटपणा देतात आणि स्वतःची चव लपवून ठेवतात, म्हणूनच हॉटेलात तेच.

नुसतं मगज घालूनही एक वाटी केली: पांढुरकी, थोडी पातळ, गोडवा नाही. तीन भाग काजू, एक भाग मगज हे आण्णांचं प्रमाण हलवायची गरज नाही. अख्खा काजू मात्र घेऊ नये, तुकडाच घ्यावा, वाटायचाच आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार. ताट

इतके दिवस ग्रेव्ही गरम करून त्यात पनीर टाकत होतो आणि हॉटेलसारखं का लागत नाही म्हणून अस्वस्थ होत होतो. आज आण्णा स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसले. "ग्रेव्ही म्हणजे अर्धं काम. उरलेलं गिऱ्हाईक बसल्यावर."

त्यांनी सांगितलं, मी केलं, जसंच्या तसं:

लोखंडी कढई चार मिनिटं मोठ्या आचेवर नुसती तापवायची. हॉटेलात ज्योत कढईत शिरते आणि तेल क्षणभर पेटतं, त्याचा एक धुरकट वास भाजीला येतो. घरी ते करायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. वर कपाट आहे, पडदा आहे. तापलेल्या लोखंडावर जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं.

एक चमचा तेल, एक चमचा लोणी. चिरलेला लसूण. तो पिवळा होताच अर्धा चमचा तिखट आणि लगेच, एक क्षणही न थांबता, दोन चमचे पाणी, म्हणजे तिखट जळत नाही. त्यावर दीडशे ग्रॅम ग्रेव्ही. हलवायची नाही. ती कडेला धरली पाहिजे, किंचित खरपूस. मग उलथण्याने कड खरवडून मध्ये घ्यायची, पुन्हा पसरायची. असं तीनदा. मग अर्धी वाटी पाणी, ते कडकडीत गरमच. गार पाण्याने सुटलेलं तेल परत मालात शिरतं आणि चकाकी जाते, असं ते सांगतात. पुन्हा तेल वर येईपर्यंत. मग पनीर, मीठ, पाव चमचा गरम मसाला. शेवटी कसुरी मेथी तव्यावर कोरडी भाजून, तळहातावर चुरून.

एका वेळी एकच ताट, फार तर दोन. चौघांचं एकदम केलं की कढई गार पडते आणि आपण पुन्हा उकळायला लागतो. २६ जानेवारीची चूक लहान कढईत.

पहिल्या ताटाला आण्णा म्हणाले, "कड धरू दिली नाहीस." दुसऱ्याला काही म्हणाले नाहीत, भाकरी मोडली. तिसऱ्या वेळी खुर्चीवरून उठून डाव्या हाताने त्यांनी स्वतः कढई हलवली. उजवा हात पाठीमागे धरला होता.

२ मार्च, रविवार

नळाला पाणी आलं नाही. ग्रेव्हीची भांडी घासायलाच दोन बादल्या जातात. खेप पुढे ढकलली.

१६ मार्च, रविवार. खेप ७: साठवण

ऊन वाढलंय. या हवेत ग्रेव्ही बाहेर ठेवायची सोय नाही, आणि गरम भगुणं तसंच फ्रिजमध्ये सारलं तर मधला भाग तासन्तास कोमट राहतो आणि आंबतो. परातीत पातळ पसरून, पंख्याखाली, खाली गार पाण्याची दुसरी परात. चाळीस मिनिटांत गार झाली. मग दीडशे ग्रॅमच्या वाट्यांत भरून फ्रीझरला, दुसऱ्या दिवशी ठोकळे काढून पिशवीत. एक ठोकळा म्हणजे एक ताट.

फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिने धरायचे. ठोकळा वितळल्यावर थोडं पाणी सुटतं, बिघडलेली नसते. कढईत कड धरू दिली की पुन्हा एकजीव होते. मीठ ग्रेव्हीत कमीच ठेवावं, ताटाला आटताना वाढतं.

२३ मार्च, रविवार. खेप ८

मंडईत उन्हाळ कांदा दिसायला लागला. फिकट, घट्ट, सालीला चिकटलेला. जानेवारीच्या लाल कांद्यापेक्षा पाणी कमी. त्याच मापाने केलं आणि भाजताना आवाज बावीसऐवजी सोळाव्या मिनिटाला बदलला. वहीतल्या वेळेवर विसंबून राहिलो असतो तर तळ लागला असता. मी थर्मामीटर काढलाच नव्हता, ऐकूनच कळलं. उकडताना मात्र शंभर मिली पाणी जास्त लागलं.

वहीच्या पहिल्या पानावर भाजण्याची मिनिटं लिहिली होती ती खोडली. तिथे लिहिलं: जाड फटफट थांबून बारीक चरचर लागेपर्यंत.

आण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी "चरचर" शब्दावर थोडा विचार केला आणि म्हणाले, "हां. पावसाची सर दुरून येते तशी." तेही लिहिलं.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

दुपारी पुरणपोळी, रात्री बारा माणसं: आत्या, तिची मुलं, माझ्या डिपार्टमेंटचे तिघे. आदल्या दिवशी चार किलोची खेप दोन भगुण्यांत उकडून, चार वेळा भाजून तयार ठेवली होती. पनीर सात ताटं, मटार चार, काजू करी तीन. काजू करीला ग्रेव्हीत दोन चमचे वाटलेला काजू आणि थोडी साय, एवढाच फरक.

एकेक ताट करत गेलो, सव्वा तास लागला. आण्णा बाहेर पाहुण्यांत बसले होते, पण दोनदा बोलता बोलता थांबून स्वयंपाकघराकडे मान वळवली. दुसऱ्या वेळी मी खरंच कढई लवकर उचलली होती. परत ठेवली.

आत्याने विचारलं, "दादाने केलं की पोराने?" आण्णा म्हणाले, "त्यानं केलं. मी ऐकलं."

फ्रीझरमध्ये शिल्लक: ठोकळे १५. पिशवीवर तारीख टाकली. पुढची खेप एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, पांढऱ्या ग्रेव्हीची. मगज संपलंय, आणायचं.